कौशल्याच्या करारावर कामगाराची सही कुठे?

सुरतेच्या हिरे कारखान्यात नवा मुलगा येतो तो बहुधा नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने. घंटीवर हात बसेपर्यंत तो तुटपुंज्या पैशांवर दिवस काढतो आणि नंतर नगावर मजुरी मिळवू लागतो. जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या शहरात प्रशिक्षणाची खरी व्यवस्था ही अशी आहे. १९७८ पासून तेथे इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट आहे. परंतु लाखो रत्नकलाकारांपैकी बहुसंख्यांची शाळा म्हणजे कारखानाच. या शिक्षणाचा खर्च मुख्यत्वे शिकणाराच सोसतो.

भरभराटीच्या काळात ही बाब कुणाला खटकत नाही. परंतु रशियन हिऱ्यांवरील निर्बंध, प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांची स्पर्धा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लादलेले ५० टक्के आयातशुल्क असे आघात एकामागून एक आले, तेव्हा पंधरा-वीस वर्षे एकच काम केलेल्या माणसाला दुसरे काम कोण शिकवणार, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

कापड व्यवसायातही हेच घडते आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. साध्या यंत्रमागांची जागा वॉटरजेट आणि रेपियर माग घेत आहेत. नव्या मागाला माणसे कमी लागतात आणि त्यांचे कौशल्यही वेगळे असते. शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच उमेदवार घेण्याची सक्ती आहे. त्यामुळे लहान शेड या चौकटीबाहेर राहतात.

मालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शिकवलेला कारागीर चार पैसे अधिक मिळताच शेजारच्या कारखान्यात जातो. मग एकट्याने खर्च का करावा? हा युक्तिवाद खोटा नाही. मात्र त्यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की हा खर्च सर्वांनी मिळून, करार करून उचलायला हवा. जर्मनीत व्यावसायिक प्रशिक्षणाचे निकष मालक, कामगार संघटना आणि सरकार एकत्र बसून ठरवतात. म्हणूनच एका कारखान्यातील प्रमाणपत्राला दुसऱ्या कारखान्यात किंमत असते.

भारताला ही कल्पना परकी नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी गरजाधिष्ठित किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. यंत्रांचे आधुनिकीकरण करताना विद्यमान कामगारांची कपात होऊ नये आणि लाभाची न्याय्य वाटणी व्हावी, हे तत्त्वही त्याच परिषदेने स्वीकारले. मनुष्यबळ विकासाचे धोरण मालक व कामगार संघटनांच्या सहकार्याने आखावे, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४२ क्रमांकाचा करार भारताने २००९ मध्ये मंजूर केला. परंतु श्रम परिषदेचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले आणि त्यानंतर दहा वर्षे ते पुन्हा भरले नाही. दरम्यान चारही श्रमसंहिता संमत झाल्या व २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागूही झाल्या.

औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन निधीत भरायचे आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. तरतूद स्वागतार्ह आहे. तरी पंधरा दिवसांच्या पैशांत घरभाडे भागेल, नवे कौशल्य येणार नाही. शिवाय ज्याच्याकडे नेमणूकपत्रच नाही आणि ज्याला ‘उद्यापासून काम नाही’ एवढेच सांगितले जाते, त्याची कपात नोंदवणार कोण?

कामगार संघटनांनाही आत्मपरीक्षण करावे लागेल. नगावर काम करणारा कारागीर बहुतांशी त्यांच्या सभासदत्वाबाहेर आहे. ज्याचे प्रतिनिधित्व नाही, त्याच्या वतीने करारावर सही कशी करणार?

गोव्याच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सांगे परिसरातील चालक, यांत्रिक आणि बार्जवरील कामगार याच प्रश्नासमोर उभे होते. तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने खाणी पुन्हा कधी सुरू होणार याची. माणसांच्या हातांना दुसरे काय शिकवायचे, याची फारशी झाली नाही.

म्हणून श्रम परिषद पुन्हा बोलावून प्रशिक्षण हा तिचा मुख्य विषय करणे निकडीचे आहे. हिरे, कापड, खाण अशा प्रत्येक क्षेत्रासाठी मालकांचा वाटा, सरकारची भर आणि शिकण्याच्या काळातील कामगाराचे वेतन यांचा लेखी करार व्हावा. मंदी आल्यावर मदतीची घोषणा करणे सोपे असते. तेजीत निधी बाजूला काढणे हेच कठीण, आणि त्यासाठी तिन्ही सह्यांचा कागद लागतो.