पूल गरम करायचाय? सोलर पॅनेलआधी काळा पाइप बघा

२०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. घराच्या छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं की ७८,००० रुपये अनुदान. मग प्रश्न येतोच: ‘याच विजेवर घरचा स्विमिंग पूलही गरम करू का?’ माझं उत्तर: आधी हिशोब करा.

३०,००० लिटर पाणी फक्त १ अंशाने तापवायला साधारण ३५ युनिट ऊर्जा लागते. ३ किलोवॅटचं सोलर दिवसाला देतं १२ युनिटच्या आसपास. साध्या हीटरवर हे परवडत नाही.

कारण पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. काळा पाइप मात्र पाणी कोमट करायचं असेल, तर निम्म्याहून जास्त ऊन थेट पाण्यात उतरवू शकतो. अमेरिका, ऑस्ट्रेलियात छपरांवर अशा काळ्या नळ्या सर्रास दिसतात.

जुगाड सोपा आहे: शेतीचा काळा पाइप छतावर पसरा, फिल्टरच्याच पंपाने पाणी फिरवा, तेही फक्त ऊन असताना. पण एका वेटोळ्याने भागत नाही. पाइपांनी पूलच्या निम्मी तरी जागा व्यापायला हवी. आणि रात्री पूल झाका, नाहीतर दिवसाची कमाई वाफेबरोबर उडून जाते.

म्हणून माझा क्रम: आधी आच्छादन, मग पाइप. अनुदानाची वीज पंख्या-फ्रिजला ठेवा. आणि पूलमध्ये इमर्शन रॉड? चुकूनही नको, जिवावर बेतेल.