जर्मन भाषा आधीं कानांनीं शिकावी

परकी भाषा शिकणाऱ्यास डोळ्यांपेक्षां कानांचें साहाय्य अधिक लागतें, ही गोष्ट शिक्षकांस ठाऊक असते. परंतु घरोघरीं तिचा विचार क्वचितच होतो. पाठ्यपुस्तक आणून दिलें, कोश आणून दिला व शिकवणी लावली, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें पालकांस वाटतें. जर्मन भाषेच्या बाबतींत ही समजूत विशेष हानिकारक आहे. कारण ती भाषा रोमन लिपींत लिहिली जाते, आणि रोमन अक्षरें दृष्टीस पडतांच आमचीं मुलें तीं इंग्रजी रीतीनें वाचूं लागतात. एकदां जिभेस लागलेलें वळण पुढें सुटतां सुटत नाहीं.

वास्तविक जर्मन वाचनाचे नियम इंग्रजीपेक्षां पुष्कळ सरळ आहेत. तेथें 'डब्ल्यू'चा उच्चार 'व' व 'झेड'चा 'त्स' होतो. 'व्ही' बहुधा 'फ' असा वाचितात. शब्दाच्या अंतीं आलेला मृदु वर्ण कठोर होतो. म्हणून 'दिवस' ह्या अर्थाच्या शब्दाच्या शेवटीं 'जी' लिहितात, पण बोलतांना 'टाक' म्हणतात. २१ ही संख्या जर्मन माणूस 'एक आणि वीस' अशा क्रमानें उच्चारितो. आमच्या 'एकवीस' शब्दांतही एक आधीं व वीस मागून. म्हणजे येथें मराठी मुलास इंग्रजीपेक्षां मायबोलीच अधिक उपयोगी पडते. परंतु नियम पाठ केल्यानें उच्चार साधत नाहीं. तो वारंवार ऐकावा लागतो. ज्या गांवीं जर्मन बोलणारें माणूस नाहीं, तेथें तो ऐकवावा कोणीं?

हें काम यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना नवी नव्हे. वोल्फगांग फॉन केम्पेलेन ह्या गृहस्थानें भाता, कंप पावणारी पट्टी व मुखाच्या जागीं लवचीक नरसाळें जोडून एक बोलणारें यंत्र केलें, आणि १७९१ सालीं व्हिएन्ना येथें त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लॅटिन, फ्रेंच व इटालियन शब्द यंत्राकडून वदविणें सोपें, जर्मन मात्र कठीण, असा त्याचा अनुभव होता. कारण जर्मन भाषेंत व्यंजनांची गर्दी फार. तेंच कठीण काम आज टाकाऊ ठरविलेला संगणकही सहज करितो, आणि आमचें म्हणणें येथूनच सुरू होतें.

पुष्कळ घरांत व शाळांत जुने संगणक धूळ खात पडले आहेत. त्यांवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ह्यांसारखा हलका डेस्कटॉप असलेली लिनक्स प्रणाली बसविली, म्हणजे त्यांतील बरेच पुन्हां कामास लागतात. ह्या प्रणालीच्या भांडारांत 'ई-स्पीक एनजी' नांवाचा वाचून दाखविणारा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. त्याचें मूळ जोनाथन डडिंग्टन ह्यांनीं १९९५ सालीं एकॉर्न संगणकासाठीं लिहिलेल्या प्रोग्रामांत आहे. तो अवघ्या कांहीं मेगाबाइटांत मावतो; शंभरांहून अधिक भाषा वाचतो, व त्यांत मराठीही आहे. एकदां बसविल्यावर त्यास इंटरनेटची गरज राहत नाहीं.

मात्र एक दक्षता घेतलीच पाहिजे. भाषा कोणती हें सांगितलें नाहीं, तर हा प्रोग्राम समोरचा मजकूर इंग्रजी समजून वाचतो. जर्मन वाक्य इंग्रजी आवाजांत ऐकणें हें न ऐकण्याहूनही वाईट. म्हणून पहिल्याच दिवशीं जर्मन आवाज निवडावा, गति कमी करावी, व मगच मुलाच्या कानांस हेडफोन लावावा.

हा आवाज लांकडासारखा रुक्ष आहे, असा आक्षेप घेण्यांत येतो. आक्षेप खरा आहे. कारण हा आवाज बहुतांशीं गणितानें घडविलेला असतो. ज्यांचा संगणक थोडा बलवान आहे, त्यांनीं 'पायपर' हा नवा प्रोग्रामही घ्यावा. त्यांतील एक जर्मन आवाज थॉर्स्टेन म्युलर ह्यांचा आहे. त्यांनीं हजारों वाक्यें स्वतः वाचून तें ध्वनिमुद्रण सर्वांस मोफत देऊन टाकिलें. वाक्याचा चढउतार शिकण्यास तोच आवाज योग्य. तरीही गोड आवाज मिळाला म्हणून रुक्ष आवाज टाकूं नये, असें आमचें मत आहे. गरीब घरच्या जुन्या यंत्रावर तोच चालतो, आणि वर्णन्‌वर्ण ऐकण्यास तो पुरेसा आहे.

अंध विद्यार्थ्यास तर हा आवाज म्हणजेच पुस्तक होय. लिनक्सवरील 'ऑर्का' हा पडद्यावरील मजकूर वाचणारा प्रोग्राम 'स्पीच डिस्पॅचर' ह्या मध्यस्थामार्फत शब्द ई-स्पीककडे पाठवितो. अनेक अंध वाचक हाच आवाज अतिशय जलद गतीनें ऐकतात. कारण गति वाढविली तरी तो स्पष्ट राहतो. डोळस मुलास उच्चाराचा संशय आला तर तो पुस्तकांत पाहील. अंध मुलास तो मार्ग सहसा मोकळा नसतो. त्याच्या संगणकावर जर्मन आवाज बसवून देणें ही मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे.

कोणी म्हणतील, हें सर्व मोबाइलवर होतें. होतें खरें, परंतु संगणकावर मूल वाक्य आपल्या हातानें टंकितें, आणि त्यांत मोठा लाभ आहे. जर्मन भाषेंत 'शोन' म्हणजे 'आधींच'; त्याच शब्दांतील 'ओ'वर दोन टिंबें दिलीं कीं उच्चार बदलतो व अर्थ 'सुंदर' होतो. टिंबें विसरलीं, तर यंत्र निराळाच शब्द वाचून दाखवितें. कान व शुद्धलेखन अशीं दोन्ही एकाच वेळीं सुधारतात.

मात्र हें यंत्र बोलतें, मुलाचें बोलणें ऐकत नाहीं. तें चूक दाखविणार नाहीं, शाबासकीही देणार नाहीं. तें काम शिक्षकाचें, आणि घरीं पालकांचें. पालकांस जर्मन येत नसलें तरी चिंता नाहीं. यंत्राचा उच्चार व मुलाचा उच्चार सारखा लागतो कीं नाहीं, एवढें कोणासही कळतें.

सन २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यास कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. उद्यां आमचा एखादा विद्यार्थी तेथील रुग्णालयांत उभा राहील, तेव्हां रोग्याचें बोलणें त्यास कोशांत पाहून नव्हे, कानांनीं ऐकूनच समजून घ्यावें लागेल. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, येत्या सुटींत घरांतील जुना संगणक भंगारांत घालण्यापूर्वीं त्यास एकदां जर्मन बोलावयास लावून पाहावें. खर्च नाहीं, एका दुपारचें काम आहे.