धरण खासगी, धोका सार्वजनिक

धरणफुटी म्हटले की आपल्याला पानशेत आठवते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याने जे पाहिले त्यामुळे, धोका असतो तो मोठ्या धरणाचाच, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. ते किती फसवे आहे, हे मला हवाईमधील का लोको या लहानशा धरणाची हकिगत वाचताना जाणवले.

हवाई हे पॅसिफिक महासागरातले अमेरिकेचे राज्य. तेथील कौआई बेटावर उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी १८९० मध्ये मातीचा हा बांध घातला गेला. पुढे मळे संपले, बांध खासगी मालकीत राहिला. कित्येक आठवड्यांच्या पावसानंतर १४ मार्च २००६ रोजी पहाटे तो फुटला. सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी खाली धावले आणि सात माणसांचा बळी गेला. सरकारदरबारी या धरणाची नोंद होती 'कमी धोक्याचे' अशी! राज्य सरकारने त्याची तपासणी कधीच केलेली नव्हती. जादा पाणी सोडणारा सांडवा जागेवर नव्हता, तो बहुधा बुजवला गेला असावा, असे नंतरच्या चौकशीत पुढे आले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धोक्याची वर्गवारी म्हणजे भिंतीच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. भिंत ठणठणीत असो वा खिळखिळी, ती फुटलीच तर खाली कोणाचे काय जाईल, एवढेच वर्गवारी सांगते. अमेरिकेत जीवितहानी संभवत असेल तर धरण 'जास्त धोक्याचे' ठरते. जीवितहानी संभवत नसून नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीपुरते असेल तर 'कमी धोक्याचे'. म्हणजे बांधाला कोणी हातही न लावता त्याचा वर्ग बदलू शकतो. खालच्या अंगाला चार घरे उभी राहिली की पुरे. घरे वाढतात, नोंदवही मात्र जुनीच राहते. आणि तपासणी किती वेळा व्हायची, सांडवा केवढ्या पुरासाठी हवा, हे सारे त्या नोंदीवर ठरते.

खासगी मालकीत हा गुंता वाढतो. पाण्याचा लाभ मालकाचा, दुरुस्तीचा खर्च मालकाचा. धोका मात्र त्याचा, ज्याने ते धरण कदाचित पाहिलेलेही नाही. वर्ग वाढला की खर्च वाढतो. मग तो वाढावा, असा आग्रह मालक कशाला धरील?

आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा झाला तो २०२१ साली. खासगी मालकही त्याच्या कक्षेत आले आणि वर्गवारीची जबाबदारी राज्याच्या सुरक्षा यंत्रणेवर आली, हे स्वागतार्हच. परंतु हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे काही अटींवर त्यात येतात. त्याखालचे बांध बाहेरच राहिले. पाणी उंची मोजून माणूस बुडवत नाही.

मालक सरकार असले म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण सरकारीच होते. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले, वीसहून अधिक माणसे गेली, आणि मंत्रिमहोदयांनी दोष दिला खेकड्यांना.

आपल्या सरकारी भाषेत 'लाभक्षेत्र' आहे, 'बुडीत क्षेत्र' आहे. धरण फुटले तर वाहून जाणाऱ्यांच्या क्षेत्राला मात्र रुळलेला शब्द नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बांधाचा, मग तो कोणाचाही आणि केवढाही असो, धोक्याचा वर्ग खालच्या गावच्या ग्रामपंचायतीत फळ्यावर लागावा आणि त्या ओढ्याकाठी बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी तो पुन्हा तपासला जावा. वर्ग चुकला असेल तर ते सर्वांत आधी कळेल तिथे राहणाऱ्यालाच. पण आपल्या डोक्यावर काय आहे, हे त्याला कोणी सांगितले तर ना!