कुत्र्याची लूत आणि आपली खरूज

सोसायटीच्या गेटपाशी केस गळलेलं, सारखं खाजवणारं कुत्रं दिसलं की दोन गोष्टी होतात. कोणीतरी वॉचमनला त्याला हाकलायला सांगतं, आणि घरात कोणाला खाज सुटली की दोष त्या कुत्र्यावर जातो. दोन्हींमुळे नुकसान आपलंच होतं, असं माझं मत आहे.

लूत होते ती माइट या डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोळ्याच्या कुळातल्या जीवामुळे. तिचे मुख्य प्रकार दोन. ‘डेमोडेक्स’ बहुतेक कुत्र्यांच्या त्वचेत असतोच. प्रतिकारशक्ती कमी पडली, विशेषतः पिल्लांमध्ये, की तो वाढतो आणि डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पायांवर केस जातात. तो माणसाला लागत नाही. ‘सार्कोप्टिस’ने मात्र भयंकर खाज सुटते. कानांच्या कडा, कोपरं आणि पोटावर खपल्या धरतात. हा संसर्गजन्य आहे.

सार्कोप्टिस माणसाच्या अंगावर आला, तर कुत्र्याला जिथे धरलं तिथे, म्हणजे हातांवर, पोटावर, मांड्यांवर खाजरे पुरळ उठतात. पण कुत्र्याचा माइट माणसाच्या त्वचेत आपली वीण वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की आपला त्रास काही आठवड्यांत आपोआप थांबतो.

माणसाची खरूज वेगळी. तिचा माइट माणसाकडूनच माणसाला लागतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला पुरळ येतात, खाज रात्री वाढते आणि घरातले एकेक जण खाजवू लागतात. पहिल्यांदा लागण झाली, तर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागतात. तोवर ती इतरांना लागू शकते. कुत्र्याला दोष देत बसलात, तर तेवढ्यात घरभर पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला, तो उगाच नाही. हिच्यावर घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घ्यायचे असतात.

आता कुत्र्याचं. त्याला जळकं ऑइल किंवा रॉकेल लावू नका. त्वचा भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जातं. करोनाच्या वेळची उरलेली आयव्हरमेक्टिनची गोळीही देऊ नका. १२ मिलिग्रॅमची अख्खी गोळी १० किलोच्या कुत्र्याला फार जास्त होते. कोली जातीच्या कुत्र्यांच्या तर ती जिवावर बेतू शकते.

मी माणसांचा डॉक्टर आहे, म्हणून औषध पशुवैद्यांनाच विचारा. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की प्रकार सहसा कळतो. आता फ्लुरालेनर, अफॉक्सोलॅनर यांसारख्या गोळ्या मिळतात. त्या खाण्यातून देता येतात, त्यामुळे भटक्या कुत्र्यालाही सहसा पकडावं लागत नाही.

कुत्र्याला हाकललं, तर माइट पुढच्या गल्लीत जातो आणि आठवड्याभरात कुत्रं पुन्हा गेटवर असतं. त्यापेक्षा चार घरांनी वर्गणी काढून उपचार करावेत. आणि घरात दोघांना रात्री खाज येत असेल, तर कुत्र्याकडे बोट दाखवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना त्वचा दाखवा.