लढाई माणसांशी नाही

मंडळीत वाद पेटला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे सैतानाचं काम आहे.’ म्हणणाऱ्याचा रोख बहुतेक वेळा समोरच्या गटावर असतो. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तेच वाक्य म्हणणारा क्वचितच भेटतो. म्हणून, बंधुभगिनींनो, आत्मिक युद्धाबद्दल बोलायचं तर आधी एवढं पक्कं करू या, की हे युद्ध माणसांशी नाही.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हेच बजावतो आणि मगच एकेक शस्त्र सांगायला घेतो. हे लिहिताना तो स्वतः बेड्यांत होता. ज्यांनी कोंडलं त्यांच्यावर राग काढायला त्याला कारण भरपूर होतं, पण तो त्यांना शत्रू ठरवत नाही. त्याची यादी नीट पाहा. कमरेला सत्य, छातीवर नीतिमत्त्व, हातात विश्वासाची ढाल, डोक्यावर तारणाचं शिरस्त्राण. जवळजवळ सगळी सामग्री स्वतःला सांभाळण्याची. वार करायला एकच तलवार, आणि ती देवाच्या वचनाची. पायांत तर शांतीची सुवार्ता! शांती पायांत घालून निघालेल्या शिपायाने कुणाच्या दारात भांडायला जायचं?

मग लढायचं कुठे? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इवाग्रियस नावाच्या साधूने याचं उत्तर फार बारकाईने लिहून ठेवलं. तो कॉन्स्टँटिनोपलमधला शिकलेला, नावाजलेला माणूस. सगळं सोडून वाळवंटात आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की माणसं मागे राहिली तरी विचार बरोबर आले आहेत. त्याने असे आठ विचार मोजले: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हाव आणि गर्व. विचार येणं आपल्या हातात नाही, पण त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे, असं तो सांगतो.

कंटाळ्याचं त्याने केलेलं वर्णन आजही अंगाला लागतं. भर दुपारी साधूला वाटतं, सूर्य जागचा हलतच नाही. तो सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ झाली का ते पाहतो. मग वाटतं, ही जागाच वाईट. इथे कुणाला कुणाची माया नाही, दुसरीकडे गेलो तर बरं होईल. सुरुवात झाली ती कंटाळ्याने, आणि शेवटी दोषी ठरले शेजारचे बंधू.

आपलंही असंच होतं. रविवारच्या उपासनेत वाचन दुसऱ्याला दिलं. मनात बारीकसं टोचलं. इथवर काही बिघडलेलं नाही. पण घरी येईपर्यंत ‘मला मुद्दाम डावललं’ हे ठरून जातं, जेवताना पाच वर्षांपूर्वीचा अपमान आठवतो आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक खोचक वचन टाकलं जातं. पवित्र शास्त्रातलंच वचन! अरण्यात येशूची परीक्षा झाली तेव्हा सैतानानेही शास्त्रवचनच पुढे केलं होतं, हे आपण विसरतो. येशूने मात्र वाद वाढवला नाही. चाळीस दिवसांच्या उपासाने भुकेलेला असतानाही त्याने तीनदा वचनानेच थोडक्यात उत्तर दिलं आणि विषय संपवला. टोचणाऱ्या विचाराशी हुज्जत घालत बसलो की त्याला आपणच पाट मांडून देतो.

विचार कुठून आला हे कळत नसेल, तर तो जाताना काय ठेवून जातो ते पाहा. संत इग्नेशियस लोयोला ही गोष्ट अंथरुणावर शिकला. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना तो कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवी, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड वाटत. पण पहिली ओसरल्यावर मन कोरडं पडे, दुसऱ्यांनंतर समाधान टिकून राही. पुढे मॅनरेसात रात्री झोपायच्या वेळेलाच त्याला मोठमोठ्या आध्यात्मिक गोष्टी सुचू लागल्या. आधीच थोडी असलेली झोप त्यात जाऊ लागली. त्याने विचार केला, ते सगळं बाजूला ठेवलं आणि तो झोपला. पवित्र वाटणाऱ्या विचारालाही प्रश्न विचारावा लागतो तो असा. याच इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, त्यामुळे ही शिकवण आपल्याला परकी नाही.

विचार पारखण्यासाठी इग्नेशियसने लिहिलेल्या नियमांतले दोन आपण आजच उचलू शकतो. एक, मन काळवंडलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नका. मंडळी सोडायची, पद फेकायचं, नातं तोडायचं, यातलं काहीही अशा दिवशी ठरवू नका. दुसरा, जो विचार कुणालाही सांगू नये असं वाटतं, तोच आधी सांगा. पाळकांना, धर्मगुरूंना किंवा पोटात गोष्ट ठेवणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याला. लपवलं की त्याचं बळ वाढतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. कुणाची झोप उडाली, अन्न जात नाही, आठवडेच्या आठवडे उदासी हटत नाही, जीव नकोसा झाला आहे, तर त्याला ‘आत्मा लागलाय’ किंवा ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून हिणवू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे, त्यावर बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौल ज्याला प्रिय म्हणतो तो लूक वैद्यच होता. आजाऱ्याला बांधणं, मारणं, त्याचं औषध बंद करणं याला कुणी प्रार्थना म्हणत असेल, तर तिथून आपलं माणूस घेऊन बाहेर पडा. आणि प्रार्थना सोडू नका. औषध आणि प्रार्थना दोन्ही एकाच घरात नांदतात.

बाकीच्यांनी रोज रात्री मोबाइल बाजूला ठेवून थोडा वेळ बसावं. आधी दिवसभरात मिळालेल्या एखाद्या चांगल्या गोष्टीबद्दल उपकार मानावेत. मग स्वतःला पाहण्यासाठी प्रकाश मागावा. सकाळपासूनचे तास एकेक करून आठवावेत: कुठे चिडलो, कुठे कुणाचं कौतुक सहन झालं नाही, कुठे खोटं बोलून सुटलो. दुसऱ्याच्या चुका या वेळेत मोजायच्या नाहीत. चुकलं त्याची क्षमा मागावी. शेवटी उद्यासाठी एकच निश्चय करावा, पण तो हातात धरता येईल इतका लहान हवा. ‘मी प्रेमळ होईन’ असा नको. ‘उद्या सकाळी डबा भरताना सुनेला टोमणा मारणार नाही’ असा हवा. पाळला की नाही, हे उद्या रात्री स्वतःलाच विचारता येतं.