कॅसेट सापडली, गाणं कुठंय?

जुन्या गाण्यांच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या आमच्या जमातीविषयी मला थोडं वाईट बोलायचंय. मीही त्यातलाच आहे.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, मग सुट्टी काढून लहान शहरं. दुर्मीळ रेकॉर्ड सापडली की फोटो, फोटोखाली ‘खजिना!’, आणि दुकान कुठलं ते मात्र कोणाला सांगायचं नाही. याला आम्ही ‘संगीत वाचवणं’ म्हणतो. माझं म्हणणं साधं आहे: ज्या गाण्याची नक्कल निघाली नाही आणि जे त्याच्या गावात परत गेलं नाही, ते वाचलेलं नाही. फक्त जागेवरून हललंय.

हे मला धुळ्यात कळलं. तेही उशिरा.

अहिराणी गाणी शोधायला मी जळगावला उतरलो तेव्हा डोक्यात धूळ खात पडलेल्या एलपींचे गठ्ठे होते. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलच्या दुकानांमधून विचारत फिरलो. लोक हसले, आणि ते बरोबरच होतं. रेकॉर्ड छापणं खर्चाचं काम. मोठी कंपनी मोठा खप बघायची. 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि लहान कंपन्यांना थोड्या प्रतींवरही धंदा जमू लागला. बोलीभाषांची गाणी बाजारात आली ती या लाटेत. आखाजीला माहेरी आलेल्या बायकांची झोक्यावरची गाणी, कानबाईची, लग्नाची. पण आमच्या जगात दुर्मीळपण विनाइलच्या किमतीवर मोजतात. प्लॅस्टिकच्या डबीतली कॅसेट त्या मोजमापात कचरा ठरते.

एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला गेलो. आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानात, वरच्या फळीवर कॅसेटचा खोका होता. “काय जोयजे भाऊ?” सांगितलं. “आते कोन ऐकस?” म्हणत त्याने खोका खाली काढला. मी तीन कॅसेट निवडल्या. एक आखाजीच्या गाण्यांची होती. आतल्या कागदावर मुख्य गायिकेचं नाव, पुढे फक्त ‘आणि साथी’. त्या साथींमध्ये दुकानदाराची आत्या होती. त्याने पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, मोबाइलमध्ये उतरवली की मला पाठवा.

मी फोटो टाकला. लाइक्स आले. कॅसेट पुण्यात कपाटाच्या खणात गेली. दोन पावसाळ्यांनंतर काढली तेव्हा फितीवर पांढरी बुरशी होती. तरी मी ती डेकमध्ये घातली. चिरकला आवाज आला आणि फीत तुटली. दुकानाच्या फळीवर ती कॅसेट वर्षानुवर्षं टिकली होती. संग्राहकाच्या घरात ती मेली.

धुळ्यात हे घडावं याची जास्त लाज वाटते. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, वाडे धुंडाळून जुने कागद गोळा करत. त्यांनी त्यांचे फोटो मिरवले नाहीत, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड छापले. धुळ्यातच 1926 मध्ये ते गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही त्या शहरात आहे. इकडे जळगावशेजारच्या असोद्यातल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली कारण घरच्यांनी ती उतरवून ठेवली आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये ती छापली गेली. दोन्हीकडे गोष्ट टिकली ती उतरवल्यामुळे आणि वाटल्यामुळे.

“आता सगळं यूट्यूबवर आहे,” असं कोणी म्हणेल. अहिराणीचं नवं बरंच आहे आणि जोरात चालतं, छानच. पण जुन्या कॅसेटमधलं तेवढंच तिथे पोचतं, जेवढं कोणीतरी बसून उतरवतं. अनेकदा अर्धंच, गायिकेच्या नावाशिवाय.

“सरकारने करावं,” हेही खरं. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीच लागते. कॅसेटला तो कायदा लागू नाही. 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही भाषा 18 लाखांहून जास्त लोकांची आहे, पण त्या भाषेतल्या कॅसेटची एक प्रत तरी कुठे सुरक्षित असेल, याची हमी कोणाकडे नाही. तो कायदा बदलायला हवाच. पण बुरशी विधेयकाची वाट बघत नाही.

आणि कॉपीराइट? ध्वनिमुद्रणाला 60 वर्षांचं संरक्षण आहे. 1990 ची कॅसेट 2051 उजाडल्यावर मोकळी होईल. तोवर फीत राहील का? जगासाठी अपलोड करायला हक्कदाराची परवानगी लागते, ती मागायचीच. पण खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी कायद्यात जागा आहे. उतरवून ठेवण्यापासून आपल्याला कायदा अडवत नाही, आळस अडवतो.

काम अवघड नाही. चालू स्थितीतला डेक, एक केबल, लॅपटॉप, फुकट मिळणारं ऑडॅसिटी. 60 मिनिटांच्या कॅसेटला 60 मिनिटं. फाइल एमपीथ्रीऐवजी वेव्हमध्ये ठेवा. आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ‘साथी’ कोण होत्या ते दुकानात, गावात विचारून लिहून ठेवा. फितीवर बुरशी दिसली तर माझ्यासारखं डेकमध्ये घालू नका, जाणकाराकडे न्या. हे करायचं नसेल तर खोक्याला हात लावू नका. तुमच्या शेल्फपेक्षा तो तिथेच बरा.

उरलेल्या दोन कॅसेट मी गेल्या महिन्यात उतरवल्या आणि दुकानदाराला पाठवल्या. त्याने लगेच फोन केला. गाणी कशी निघाली ते बोललाच नाही. विचारलं, “आखाजीवाली कवा धाडशात?”