हरलेल्या सामन्याचा फोटो

हंगामभर जिंकायचे आणि ऐन राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी घरी बसायचे! अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावर १९५९, १९६१ आणि १९६२ साली ही पाळी आली. तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंशी गाठ पडेल ना! राज्याचा अलिखित दंडक आड येई.

१९६३ साली विद्यापीठाच्या अध्यक्षांनी धीर करून होकार दिला. लगोलग कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. पण तो बजावला जाण्यापूर्वीच संघ राज्याबाहेर निसटला!

१५ मार्चला मिशिगन राज्यात शिकागोच्या लोयोला संघाशी सामना झाला. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय. आरंभी दोन्ही कप्तानांनी, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड यांनी, हात मिळवले. कॅमेऱ्यांचा एकच लखलखाट झाला. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला. पुढे अजिंक्यपदही मिळवले.

२०११ साली गोल्ड वारले. हार्कनेस अंत्यविधीला गेले, तो शवपेटीजवळ हस्तांदोलनाचा तोच फोटो!

वाचकहो, मुलांनी जिंकलेले कप आपण कौतुकाने कपाटात मांडतो. एखादा हरलेला सामनाही तिथे मांडण्याजोगा असतो.